पक्ष आणि प्रामाणिकपणा

राजकीय विषयांवर लिहिणाऱ्या नियतकालिकाकडून वाचक पहिली अपेक्षा करतो ती निःपक्षपातीपणाची. ही अपेक्षा रास्त आहे, याविषयी कोणी वाद घालणार नाही. परंतु निःपक्षपाती म्हणावे ते कोणाला? ज्याला पक्षच नाही त्याला, की पक्ष असूनही जो न्याय सोडीत नाही त्याला? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि मुंबईच्या उंबरठ्यावरच्या वसईत त्याचे एक बोलके उदाहरण घडून गेले आहे.

‘सुवार्ता’ हे वसईच्या कॅथॉलिक समाजाचे मराठी मासिक. १९८३ पासून २००७ पर्यंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. मासिकाचे नाव धार्मिक आणि संपादक धर्मगुरू. तेव्हा त्याने प्रार्थना व प्रवचन यांपुरतेच पाहावे असे कोणास वाटले असते तर त्यात नवल नव्हते. पण त्याच काळात वसईच्या केळीच्या, फुलांच्या व भाजीच्या वाड्यांवर इमारतींची छाया पडू लागली. जमिनीचा वापर कोणाच्या सहीने बदलतो, त्यात कोणाचे भले होते आणि विहिरीचे गोडे पाणी कोणाचे आटते, हे सारे प्रश्न मुळात राजकीय. दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या चळवळीत अग्रभागी राहिले. म्हणजे चळवळ चालविणारा आणि मासिक चालविणारा पुरुष एकच झाला.

येथे आक्षेप उभा राहतो, आणि तो क्षुद्र नाही. जो स्वतः वादी आहे त्याने न्यायाधीशाच्या आसनावर बसू नये, हा नियम आपण गावच्या पंचायतीतही पाळतो. लढणाऱ्याला विजय हवा असतो. विजयाची इच्छा असलेल्या मनाला सोयीचा पुरावा लवकर पटतो आणि गैरसोयीचा पुरावा संशयास्पद वाटतो. शिवाय लढणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तर धोका अधिकच. कारण स्वार्थी मनुष्य निदान मनात ओशाळतो, सद्धेतूने चुकणारा ओशाळतही नाही.

या आक्षेपाला आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासातच भक्कम आधार आहे. १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली, आणि लवकरच कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाचे प्रकरण त्यांनी हाती घेतले. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप ठेवताना टिळक व आगरकर यांनी ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली. तरीही १८८२ साली त्यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आपण ही कथा त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि धैर्य त्यात होतेच. पण तिचा दुसरा अर्धा भाग आपण झाकून ठेवतो. त्यांची कळकळ खरी होती आणि कागद खोटे होते. कळकळीने कागद खरा होत नाही.

मग लढणाऱ्याने लिहूच नये काय? तसे ठरविले तर लेखणी केवळ त्यांच्या हाती उरेल ज्यांचे त्या प्रश्नात काही जाणार नाही. दूर बसून दोन्ही बाजूंना समसमान दोष वाटणारा लेखक सुरक्षित असतो. पण त्याचे समतोल लेखन पुष्कळदा अज्ञानाचे किंवा भीतीचे सभ्य नाव असते. विहीर खारी झाली की नाही हे तिचे पाणी पिणाराच आधी सांगतो. त्याची साक्ष नाकारणे हा काही न्याय होत नाही. ती तपासून घेणे हा न्याय.

तेव्हा लेखकाची कसोटी अन्यत्र शोधली पाहिजे, आणि ती आगरकरांच्या पुढील आयुष्यात सापडते. मतभेद असह्य झाले तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. ते परक्या सरकारवर टीका करीतच राहिले. पण ज्या समाजात ते जन्मले, ज्यांच्या घरी ऊठबस होती, त्या समाजाच्या रूढींवरही त्यांनी घाव घातला. त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, आणि ती काढली स्वकीयांनीच. आगरकरांना पक्ष होता, तो उघड होता, आणि तरीही त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आज कोणी शंका घेत नाही. याचे कारण एवढेच, की आपल्या माणसांना अप्रिय होण्याची किंमत त्यांनी रोख मोजली.

माझे म्हणणे असे, की राजकीय लेखकाकडे तीन गोष्टी मागाव्यात. आपण कोठे उभे आहोत हे त्याने लपवू नये. आपल्या सोयीचा पुरावा त्याने दुप्पट तपासावा. आणि वेळ आली असता स्वपक्षाला कडू बोलण्याचे त्याने टाळू नये. यांतली तिसरी सर्वांत अवघड. आणि वसईसारख्या गावात तर विशेषच, कारण तेथे लेखक व वाचक एकाच रस्त्यावर राहतात. वाडी वाचली पाहिजे असे म्हणणारा आणि चांगला भाव आला म्हणून वाडी विकणारा, हे पुष्कळदा एकाच घरातले दोन भाऊ असतात. बिल्डरला दोष देणे सोपे. विकणाऱ्या वाचकाला दोष देणे म्हणजे वर्गणीदार गमावणे.

येथे वाचकाचीही परीक्षा आहे, आणि ती आपण क्वचितच देतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंना मिळाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. लेखनात काय आहे हे न पाहता लेखकाचा झगा पाहण्याची ही वृत्ती. आणि आपलाच झगा दिसला की तपासणी न करता माना डोलावणे ही तिचीच धाकटी बहीण. त्याआधी २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि तिच्यात गावे असावीत की नसावीत यावर माणसे रस्त्यावर उतरली. प्रश्न संपले नाहीत, केवळ बदलले. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

आता तेथे जे लिहितील त्यांना कोणी ना कोणी विचारीलच, तुम्ही कोणाच्या बाजूचे? विचारणाऱ्याने तोच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारून पाहावा: आपल्या आवडत्या मासिकाने आपल्याच हिताविरुद्ध खरे लिहिले, तर पुढल्या वर्षीची वर्गणी आपण भरू काय?