आधी एक, मग वीस

जून २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ अशी वाचने बालभारतीने दिली होती. आपण लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी उच्चारतो. या उलटापालटीत मुले अडखळतात, असे मंगला नारळीकर आणि त्यांच्या समितीचे म्हणणे. विषय विधानसभेत गेला, टिंगल झाली, भाषा बुडाल्याच्या आरोळ्या उठल्या. मला मात्र त्या दिवसांत सारखी जुनी वर्कस्टेशन्स आठवत होती. हेच भांडण त्यांच्यात चाळीस वर्षांपूर्वी लागले होते. ते मिटले असे नाही, तह तेवढा झाला.

बत्तीस बिटांची संख्या म्हणजे चार बाइट. स्मृतीत ते मांडताना मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवायचा की लहान स्थानाचा? सन कंपनीच्या स्पार्क यंत्रांत मोठा आधी, व्हॅक्समध्ये आणि इंटेलच्या चिपांत लहान आधी. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या वादावर एक मिश्कील टिपण लिहिले. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणारे लोक गलिव्हरला भेटले होते. त्यांचीच नावे कोहेन यांनी दोन्ही पक्षांना बहाल केली आणि ती कायमची चिकटली. क्रम कोणता, यापेक्षा त्यावर एकमत होणे महत्त्वाचे, असा त्यांचा निवाडा होता. इंटरनेटच्या तहात मोठ्याचा मान आधी ठरला.

मराठी मात्र या दोन्ही पक्षांत बसत नाही. ‘एकशे एकवीस’ म्हणताना आपण शतक आधी घेतो, मग एकक, मग दशक. पीडीपी-११ हे यंत्र बत्तीस बिटांच्या संख्या अशाच मध्येच मोडलेल्या क्रमाने ठेवी, आणि त्यावरून त्याची बरीच चेष्टा झाली. संस्कृत भूतसंख्यांत तर सरळ एककापासून सुरुवात असते. ‘वेद-नेत्र’ म्हणजे बेचाळीस नव्हे, चोवीस. अंक डावीकडे सरकत जातात हे ठाऊक नसेल, तर शिलालेखातला शकच चुकायचा.

हे सगळे पुस्तकी वाटते, ते नेट्रेकसारखा खेळ जुन्या यंत्रावर कंपाइल करायला घेईपर्यंत. १९८६मध्ये बर्कलीच्या क्रिस गथ्री आणि एड जेम्स यांनी एक्सट्रेक लिहिला. तो एकाच यंत्रावर चाले आणि तिथूनच सगळ्या खेळाडूंच्या पडद्यांवर थेट खिडक्या उघडी. पुढे केव्हिन स्मिथ आणि स्कॉट सिल्व्ही यांनी त्याचे दोन भाग केले. विश्व चालवणारा सर्व्हर एकीकडे, ते दाखवणारा क्लायंट दुसरीकडे. तोच नेट्रेक. आठ विरुद्ध आठ खेळाडू आणि जिंकायला चाळीस ग्रह. आता तारेवरून चित्रे नव्हे, खेळाचे आकडे धावू लागले. आणि आकडे आले तिथे क्रमाचे भांडण दारात आलेच.

एका जहाजाची खबर नेट्रेकमध्ये बारा बाइटांत मावते. खबर कसली, जहाज कोणाचे, तोंड कुठे, वेग किती, या प्रत्येकाला एक बाइट. दिशेसाठी वर्तुळाचे २५६ भाग पाडले आहेत, म्हणून तीही एकात बसते. उरलेले आठ बाइट क्ष आणि य यांचे, चार-चार. आकाशगंगेची रुंदी एक लाख. आता हा एक लाख उलट्या टोकाने वाचला, तर तो उणे १,६०,१८,३०,६५६ होतो. जहाजाचे तोंड बरोबर, वेग बरोबर, आणि ठिकाण विश्वाच्या बाहेर! एकेका बाइटात राहणाऱ्यांना या भांडणाची झळ लागत नाही. मोठे आकडेच भरकटतात.

म्हणून पाठवताना आकडा तहाच्या क्रमात मांडायचा आणि हाती आल्यावर घरच्या क्रमात. स्पार्कचा घरचा क्रम आणि तहाचा क्रम एकच. त्यामुळे सनवर लिहिणारा ही फेरमांडणी विसरला तरी त्याचे काही अडत नाही. सनचा सनशी खेळ वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. चूक उघडी पडते ती कोणी इंटेलवाला खेळायला आला की. ज्याची बोली प्रमाण ठरली, त्याला आपण बोली बोलतो हे कुठे जाणवते?

तोच स्पार्क दुसऱ्या एका बाबतीत मात्र भलता सोवळा आहे. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवी. इंटेलची चिप असल्या गोष्टीकडे कानाडोळा करते; स्पार्क ‘बस एरर’ म्हणून कार्यक्रम जागीच पाडतो. नेट्रेकच्या खबरींच्या व्याख्या वाचताना मध्येच पॅड१, पॅड२ अशी रिकामी घरे दिसतात. ती आळसाने राहिलेली नाहीत. सुतार चौकट बसवताना पाचरी ठोकतो, तशा त्या मुद्दाम घातल्या आहेत. पुढे डिजिटल कंपनीची अल्फा यंत्रे आली. त्यांच्यावर सी भाषेतला ‘लाँग’ एकदम आठ बाइटांचा झाला आणि बारा बाइटांचे सगळे गणित विसकटायला निघाले. तेव्हा त्या शब्दाजागी मोठ्या अक्षरांतला दुसरा ‘लाँग’ योजून प्रत्येक यंत्रावर त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला. जुन्या यंत्रावर कंपाइल करणे म्हणजे, मला वाटते, लेखकाने न बोलता धरलेली गृहीतके एकेक करून मोठ्याने वाचून घेणे.

एवढे करून खेळ बांधला, तरी सगळे सर्व्हर दार उघडतीलच असे नाही. माणसाऐवजी अचूक नेम धरणारे कार्यक्रम खेळात घुसू लागले, तेव्हा ‘आशीर्वाद’ मिळालेल्या क्लायंटची प्रथा आली: आत गुप्त किल्ली असलेली तयार प्रतच खरी. स्रोत सगळ्यांना खुला, पण तो स्वतःच्या हाताने कंपाइल करणाराच संशयित!

आणि यंत्राला स्वतःचे नाव तरी आठवते का? त्या काळच्या सन वर्कस्टेशनचा नेटवर्कवरचा पत्ता घड्याळाच्या चिपमध्ये असतो आणि बॅटरी तिच्याच पोटात. ती संपली की यंत्र तारीख विसरते, पत्ता विसरते, आणि खेळायला बसण्याआधीच निनावी होते. मग ‘ओके’ असे लिहिलेल्या ओळीपुढे बसून पत्ता हाताने भरायचा. ८, ०, २० हे पहिले तीन आकडे सनचे घराणे सांगतात, पुढचे त्या एका यंत्राचे. तिथली भाषा फोर्थ. इतर संगणकी भाषा बहुधा क्रियापदाने सुरू होतात. हिच्यात आधी मूल्य, मग जागा, आणि भरण्याची क्रिया सगळ्यात शेवटी. मराठी माणसाला ही वाक्यरचना शिकवावी लागत नाही. शेवटचा आकडा बसला, ताळा जुळला, की यंत्र पुन्हा स्वतःला ओळखते. निदान वीज जाईपर्यंत.