लोपत्या जगाची साक्ष

डोळ्यांदेखत नाहीशी होत चाललेली वस्तू जतन करून ठेवावी, ही इच्छा मनुष्यस्वभावात इतकी खोल रुजलेली आहे की तिचे समर्थन करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडची गाणी उतरून घेणारा, पडक्या वाड्यांचे नकाशे काढणारा, वाळवी लागलेले दप्तर उलगडीत बसणारा, अशा माणसाविषयी आपणां सर्वांस आदर वाटतो. परंतु हा आदर व्यक्त करताना एक प्रश्न आपण नकळत टाळीत असतो. जतन करणारा जे मागे ठेवतो ते होते तसे असते, की त्यास हवे होते तसे? आणि ते दुसऱ्या प्रकारचे असेल, तर त्याच्या हातून स्मरणाचे पुण्य घडले, की खोट्या साक्षीचे पाप? केवळ तर्काच्या बळावर हा प्रश्न सोडवू गेल्यास हाती शब्दांखेरीज फारसे काही लागत नाही. यास्तव एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने त्याचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा मनुष्य म्हणजे फेलिक्स आर्नोदँ होय. फ्रान्सच्या नैऋत्य भागात, बोर्दो शहराच्या दक्षिणेस, लाबूएर नावाचे एक गाव आहे. तेथे १८४४ साली त्याचा जन्म झाला व तेथेच १९२१ साली तो मरण पावला. घरची स्थिती बेताची, पण पोटापाण्यासाठी चाकरी करावी लागू नये इतकी ठीक. १८७४ च्या सुमारास त्याने छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली. आणि पुढील आयुष्य काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा व टिपणवह्या घेऊन, प्रथम पायी व पुढे सायकलवरून, आसपासचा मुलूख पालथा घालण्यात घालविले. तो पॅरिसच्या कलामंडळांत रमला नाही, दूरच्या देशांस गेला नाही. त्याचा सारा प्रवास एका लहानशा प्रदेशापुरता; परंतु त्या प्रदेशातील वाट, मेंढवाडा, विहीर व म्हातारा त्याच्या परिचयाचा होता. सुमारे ३ हजार छायाचित्रे त्याने मागे ठेवली. त्याखेरीज लोककथा, गाणी, म्हणी आणि तेथील गास्कन बोलीचे शब्द यांचा मोठा संग्रह केला. त्यांपैकी कथांचे पुस्तक १८८७ साली व गाण्यांचा पहिला भाग १९१२ साली प्रसिद्ध झाला. बाकीचे बहुतेक लेखन त्याच्या पश्चात छापले गेले. गावकरी त्यास 'लू पेक', म्हणजे 'खुळा', म्हणत. घरातील एका मोलकरणीवर त्याचे प्रेम जडले. घरच्यांच्या विरोधामुळे विवाह घडला नाही, तरी दोघांनी जन्माची सोबत केली. गावाच्या दृष्टीने खुळेपणाचा हा आणखी एक पुरावाच असावा.

आता तो ज्या प्रदेशाच्या नादी लागला होता, त्याची हकीकत सांगितली पाहिजे. या भागास 'लांद' म्हणतात, व त्यातील आर्नोदँचा मुलूख तो 'ग्रांद लांद'. जमीन सपाट व वाळूची. पुष्कळ ठिकाणी वाळूच्या खाली पाणी न झिरपू देणारा कठीण थर. त्यामुळे हिवाळ्यात कोसच्या कोस दलदल, आणि उन्हाळ्यात भाजून निघालेले माळरान. या माळावर मेंढपाळ मेंढरे राखीत. चिखलातून चालता यावे व दूरवर पांगलेला कळप दृष्टीस पडावा म्हणून ते पायांस लाकडी उंच काठ्या बांधून हिंडत. मेंढरांचे मुख्य मोल लोकर वा मांस यांत नसून लेंडीखतात होते. त्या खतावरच वाळूतील राय नावाच्या धान्याची तुटपुंजी शेते पिकत. माळ बहुतांशी गावाच्या सामाईक मालकीचा असे, आणि तेथे चराई करण्याची मुभा गरिबांसही असे.

१८५७ साली, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, एक कायदा झाला. त्यान्वये गावांनी आपापल्या सामाईक जमिनींतील पाणी चर खणून काढून द्यावे व तेथे पाइन वृक्षांची लागवड करावी, असे ठरले. ज्या गावांस खर्च झेपेना, त्यांनी जमिनी विकल्या. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडची राळ व टर्पेंटाइन युरोपात येईनासे झाले, आणि पाइनच्या राळेचा भाव अतोनात चढला. मग लागवडीस कोण मागे राहणार? अर्ध्या शतकात माळ संपला व अरण्य उभे राहिले. कायदा झाला तेव्हा आर्नोदँ १३ वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या हाती कॅमेरा आला तेव्हा त्याचे बाळपणीचे जग मरणपंथास लागलेले होते. तो त्याची चित्रे घेत होता असे म्हणण्यापेक्षा, मृत्युशय्येवरील आप्ताचा चेहरा डोळ्यांत साठवीत होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आणि येथेच आमच्या प्रश्नास तोंड फुटते. आर्नोदँची सर्व चित्रे जशी दिसले तशी टिपलेली नव्हेत. लोकांनी अंगावरून उतरवून पेटीत टाकलेले जुने पोशाख तो त्यांस पुन्हा घालावयास लावी. बंद पडलेली कामे पुन्हा करून दाखविण्यास सांगे. कोणी कोठे उभे राहावे हे ठरवी. प्लेटांवर हात फिरवून नको ते काढून टाकी. कोणते दृश्य कसे मांडावयाचे याचे बेत तो टिपणवह्यांत करून ठेवी. ज्या माळावर पाइनची रोपे डोके वर काढीत होती, तेथे तो अशी जागा शोधी की जेथून केवळ मोकळे क्षितिज दिसावे. पुढील पिढ्यांनी 'असा होता आमचा मुलूख' म्हणून जी चित्रे उराशी धरली, त्यांतील काही, ती घेतली गेली त्या दिवशी तरी, खरी नव्हती.

पूर्वपक्ष असा की ही उघड फसवणूक होय. छायाचित्राचे सारे मोल त्याच्या निःपक्षपातीपणात आहे. चित्रकाराने कुंचल्याने काही वगळले तर आपण त्यास कल्पना म्हणतो. पण काचेवर उमटलेल्या प्रतिमेवर आपण साक्षीदाराइतका विश्वास टाकतो, म्हणून तिच्यातील लबाडी अधिक घातक. शिवाय वगळले ते काय? केवळ झाडे नव्हेत. त्या रम्य माळावर हिवतापाचे ठाण होते. ला तेस्त गावचे डॉक्टर झाँ आमो यांनी १८२९ साली तेथील गरिबांत आढळणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. तो 'पेलाग्रा' होय. मक्यासारख्या एकाच धान्यावर गुजराण करणाऱ्यांच्या कातडीस, पोटास व अखेर बुद्धीस ग्रासणारा हा रोग निकृष्ट अन्नामुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. क्षितिजावर काठ्यांवर उभ्या असलेल्या मेंढपाळाची आकृती कितीही भव्य दिसो, तिच्या पोटातली भूक चित्रात दिसत नाही. दुसऱ्याचे दारिद्र्य आपल्या डोळ्यांस सुंदर दिसते म्हणून ते टिकावे असे वाटणे, हा सौंदर्यदृष्टीचा नव्हे तर निष्ठुरपणाचा प्रकार आहे.

हा आक्षेप वजनदार आहे, व त्याचा उत्तरार्ध तर आम्हांस सर्वथा मान्य आहे. ज्यास माळावर राहून मरावयाचे नाही, त्याने माळ राखण्याचा आग्रह दुसऱ्याच्या जिवावर धरू नये. परंतु आर्नोदँच्या बाबतीत येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. एक तर तो परका प्रवासी नव्हता. तो तेथेच जन्मला, तेथेच राहिला. दुसरे असे की माळाबरोबर जे बुडाले ते केवळ देखावे नव्हते. सामाईक जमीन खाजगी झाली आणि चराईचा हक्क गेला. दलदल हटली हे खरे, पण त्या सुधारणेचा नफा सर्वांच्या वाट्यास सारखा आला नाही. मेंढपाळाचा मुलगा दुसऱ्याच्या झाडांची राळ काढणारा कष्टकरी झाला. आणि या राळ काढणाऱ्यांस आपल्या न्याय्य वाट्यासाठी १९०६ व १९०७ साली संप करावे लागले. तेव्हा 'प्रगती झाली, रडता कशाला?' असे आर्नोदँस विचारणाराही अर्धेच चित्र दाखवीत असतो. तोही आपल्या प्लेटेवरून काही आकृत्या पुसून टाकीत असतो.

राहता राहिला खोट्या साक्षीचा मुद्दा. आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. निवड करणे निराळे व निवड लपविणे निराळे. कोणतीही साक्ष निवडीवाचून देताच येत नाही. कॅमेऱ्याचे तोंड एका दिशेस वळविले की बाकीच्या सर्व दिशा वगळल्या जातात. दोष लागतो तो वगळले हे दडवून 'हेच सर्व' असे भासविण्यास. आर्नोदँने या चित्रांचा बाजार मांडला नाही आणि आपल्या बेतांच्या वह्या जाळल्याही नाहीत. आज अभ्यासकांस त्याच्या चित्रांतील मांडणी ओळखता येते, यास काही अंशी त्याचीच टिपणे कारण आहेत. ज्या साक्षीदाराने आपल्या उलटतपासणीची साधने स्वतःच मागे ठेवली, त्यास लबाड म्हणणे आम्हांस जड जाते.

आणखी एक गोष्ट अशी की, मांडून घेतलेल्या चित्रात एक प्रकारचे सौजन्य असते. नकळत टिपलेले चित्र अधिक खरे असेल. पण ते बहुधा चोरलेले असते. आर्नोदँच्या चित्रातील म्हातारीने जुना पोशाख घातला तो कोणी तिला विनविले म्हणून, व तिने होकार दिला म्हणून. कदाचित तिला हसू आले असेल, कदाचित पेटी उघडताना डोळे भरून आले असतील. ते काहीही असो. आपण कसे स्मरले जावे या ठरावात तिचाही हात होता. आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असताना, आणि न विचारता घेतलेले परक्याचे चित्र क्षणार्धात जगभर जात असताना, या विचारण्यातील माणुसकी आम्हांस विशेष जाणवते.

'हौशी' हा आपला शब्द अशा माणसास लावताना थोडा तोकडा पडतो. हौस म्हटली की ती फिटण्याजोगी, चार दिवसांची, असा भास होतो. फ्रेंच लोकांचा 'आमातर' हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. आर्नोदँ त्या अर्थाने हौशी होता. आणि प्रेमाच्या साक्षीस न्यायालयाच्या साक्षीचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र प्रेमिकाची साक्ष ऐकताना तो प्रेमिक आहे, हे ऐकणाराने विसरता कामा नये.

या गोष्टीस काळाने दिलेले वळण तर मोठे उद्बोधक आहे. ज्या पाइनच्या अरण्याने आर्नोदँचे जग गिळले, ते अरण्यच पुढे तेथील लोकांचे 'पूर्वापारचे' जग झाले. १९४९ च्या ऑगस्टमधील वणव्यात ८२ माणसे बळी पडली. १९९९ व २००९ च्या वादळांनी असंख्य झाडे उन्मळून पडली. २०२२ च्या उन्हाळ्यात २० हजारांहून अधिक हेक्टर अरण्य जळाले. आणि दर वेळी लोकांनी त्या झाडांसाठी शोक केला. राळ काढण्याचा धंदा १९९० च्या सुमारास संपुष्टात आला, तेव्हा त्याच्याही आठवणी गोळा होऊ लागल्या. इतकेच काय, आर्नोदँचा माळ तरी कोठे अनादि होता? मेंढरांच्या चराईने व गवत जाळण्याच्या प्रघातानेच तो उघडा राहिला होता. म्हणजे प्रत्येक पिढी आपल्या बाळपणीच्या दृश्यास सृष्टीचे मूळ रूप समजते. यावरून शोक व्यर्थ ठरतो असे नव्हे. परंतु शोक करणाऱ्याने थोडे नम्र व्हावे, इतके निश्चित ठरते.

ज्यास गावाने खुळा म्हटले, त्याच्या काचा आज बोर्दो येथील आक्वितेन संग्रहालयाने जपून ठेविल्या आहेत. २०१५ साली तेथे त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. साब्र गावाजवळ मार्केझ येथे जुन्या वस्तीचे एक संग्रहालयच उभारले आहे. ते पाहावयास जाणाऱ्यांत, आर्नोदँस हसणाऱ्यांची पणतवंडेही असतील. हा न्याय उशिरा झाला. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की आता त्या चित्रांची जबाबदारी पाहणाऱ्यांवर आली आहे. चित्र काढणाराने प्रेम करावे. पाहणाराने प्रश्न विचारावा. या दोन कामांची वाटणी झाली म्हणजे स्मरण व सत्य यांत वैर उरत नाही.

हे प्रश्न विचारण्यास कोणास फ्रान्सपर्यंत जावयास नको. प्रत्येक घरात चित्रांचा एक संग्रह असतोच. त्यात लग्ने असतात, मुंजी असतात, नवी वस्त्रे असतात. दुखणी, भांडणे व कर्जे नसतात. पंगतीचे चित्र असते, पण चुलीपाशी बसून ती पंगत उठविणारी बहुधा नसते. हा संग्रह खोटा म्हणून फेकून देऊ नये. तो आपल्या वडील माणसांच्या प्रेमाची साक्ष आहे. मात्र ज्यांस त्यातील चेहरे ओळखता येतात अशी म्हातारी माणसे घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे, आणि चित्रात कोण आहे हे विचारून झाल्यावर, कोण नाही, हेही विचारून घ्यावे. त्याचे उत्तर कोणत्याही काचेवर उमटलेले नाही.