कळ, अक्षर आणि आज्ञा

१८७८ सालच्या रेमिंग्टन क्रमांक २ या टंकयंत्रात शिफ्टची कळ दाबली म्हणजे कागद वाहणारा गाडाच जागचा हले, आणि मोठी अक्षरे उमटत. कारण आणि कार्य यांच्यामध्ये तिसऱ्या कोणाच्या मध्यस्थीला तेथे वावच नव्हता. संगणकाने हा यांत्रिक संबंध तोडला. कोणत्या जागेची कळ दाबली गेली, चालू मांडणीत तिचे अक्षर कोणते, त्या क्षणी शिफ्ट, कंट्रोल वा आल्ट धरलेले होते काय, हे सारे आता प्रोग्रॅमपुढे निरनिराळ्या दाखल्यांच्या रूपाने येते, आणि त्यांवरून लिहिणाऱ्याचा हेतू ठरविण्याचा अखत्यार प्रोग्रॅमकडे जातो. हा अखत्यार जितका कमी गाजवावा तितका बरा, आणि लिहिणाऱ्याचे अक्षर हे प्रोग्रॅमच्या आज्ञेहून श्रेष्ठ मानावे, असे माझे निश्चित मत आहे.

मराठी लिहिणाऱ्याला या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष लागते. इनस्क्रिप्ट मांडणीत साध्या कळीने क उमटतो, तीच शिफ्टसह दाबली तर ख. त-थ, प-फ या जोड्यांची व्यवस्थाही तीच, आणि मात्रा जेथे साधी तेथे तिचा स्वर शिफ्टसह. वर्णमालेचा क्रम ओळखून केलेली ही रचना मोठी समंजस आहे. परंतु तीत रोमन ‘सी’च्या जागी म असतो, आणि ज्या प्रोग्रॅमने ‘कंट्रोल धरले आहे आणि अक्षर सी आहे’ एवढीच कसोटी लावली, त्याच्या लेखी मराठी लिहीत असलेल्या माणसाने नक्कल करण्याची आज्ञा दिलेलीच नसते. मग अक्षर सोडून जागाच पाहावी, असे कोणी म्हणेल. पण फ्रेंच कळफलकावर झेड आणि डब्ल्यू यांच्या जागांची अदलाबदल झालेली आहे. तेथे केवळ जागा पाहणारा प्रोग्रॅम कंट्रोल-डब्ल्यूला कंट्रोल-झेड समजून बसेल. खेळात चार कळांनी दिशा दाखवायची असेल तर जागा प्रमाण. आज्ञेसाठी अक्षर प्रमाण, आणि चालू लिपी रोमन नसेल तरच जागेचा आधार घ्यावा, हा मला न्याय्य तोडगा वाटतो.

याहून मोठा अन्याय आल्टजीआरच्या बाबतीत घडतो. विंडोजमध्ये ही उजवी आल्ट कळ कंट्रोल आणि आल्ट यांच्या जोडीसमान गणली जाते. भारतीय इंग्रजी मांडणीत तिच्यासह ४ दाबले की २०१० साली स्वीकारलेले ₹ हे चिन्ह उमटते. पण एखाद्या प्रोग्रॅमने कंट्रोल-आल्ट-४ ही जोडी मजकुराचे शीर्षक करण्याच्या स्वतःच्या आज्ञेसाठी राखून ठेवली असेल, तर रुपया लिहू पाहणाऱ्याच्या मजकुराचे शीर्षक होऊन बसते आणि चिन्ह गहाळ होते. जर्मन माणसाचे ॲट चिन्ह आल्टजीआर व क्यू यांनी येते. त्याचीही तक्रार हीच. कंट्रोल-आल्टच्या जोडीतून अक्षर निष्पन्न होत असेल तर आज्ञेने माघार घ्यावी.

धरलेल्या कळांची नोंद प्रोग्रॅमने स्वतःच्या दफ्तरी ठेवू नये, हेही येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. आल्ट-टॅबने माणूस दुसऱ्या खिडकीत गेला की आल्ट दाबल्याची वर्दी पहिल्या प्रोग्रॅमला मिळालेली असते, सोडल्याची मिळत नाही, आणि त्याच्या दफ्तरी आल्ट दाबलेलेच राहते. कळ दाबल्या-सोडल्याच्या प्रत्येक घटनेसोबत संगणकाची संचालन-व्यवस्था जी स्थिती पाठविते तीच ग्राह्य धरावी, मात्र तिचा अर्थ जाणून. एक्स विंडो प्रणालीत ती घटनेच्या लगेच आधीची असते, म्हणून खुद्द शिफ्ट दाबल्याच्या घटनेत शिफ्टचा उल्लेख नसतो. दोन कळा एकदम धरणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्ये, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून सुरू करता येणारी एक सोय आहे: एकदा दाबलेले कंट्रोल पुढच्या कळीपर्यंत धरलेले मानण्याचे काम तीत व्यवस्थाच करते. व्यवस्थेला वगळून थेट उपकरणाकडून कळांची खबर घेणाऱ्या प्रोग्रॅमला हे धरणे कळतच नाही, आणि एका हाताने काम करणारा मनुष्य त्या प्रोग्रॅमच्या दाराबाहेर राहतो.