वयाची अट गेली, पुढे काय?

वैद्यकीय शिक्षणाची वाट बारावीनंतर लगेच धरायची असते, हा समज महाराष्ट्रात इतका पक्का आहे की तिशी ओलांडलेल्या माणसाने एमबीबीएसचा विचार बोलून दाखवला, तर घरचेच त्याला वेड्यात काढतात. कायदा मात्र आता त्याच्या आड येत नाही. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने 'नीट', म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेसाठी, खुल्या प्रवर्गाला 25 आणि राखीव प्रवर्गाला 30 वर्षांची कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचविशीपुढच्या उमेदवारांना तात्पुरती मुभा दिली आणि परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर 2021 मध्ये ही मर्यादाच काढून टाकण्याचे ठरवले. दरम्यान 2020 साली ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वयाच्या 64व्या वर्षी सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता. आता उरली आहे ती फक्त किमान 17 वर्षांची अट.

वयाची अट गेली, तरी प्रौढ उमेदवाराच्या शंका गेल्या नाहीत, आणि अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारून यावे, असे त्याला साहजिकच वाटते. अमेरिकेत अशा विचारण्याला मोठे वजन असते, कारण तेथे प्रत्येक महाविद्यालयाची स्वतंत्र निवड समिती गुणांबरोबर मुलाखत, अनुभव आणि शिफारसपत्रेही तोलते. आनंदीबाई जोशी यांनी 1883 मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाला आपली तयारी आणि हेतू पत्राने कळवले. त्या पत्रामागची व्यक्ती पारखून निर्णय घेण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे होता, म्हणूनच त्या पत्राला अर्थ होता.

महाराष्ट्रात हा अधिकार महाविद्यालयाकडे नाही. सरकारी महाविद्यालयातील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि 85 टक्के राज्य कोट्यातून, दोन्हीकडे 'नीट'च्या गुणवत्ता क्रमाने भरल्या जातात. राज्याच्या जागांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, 'कॅप राउंड', म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्या, घेतो. अधिष्ठात्याला, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखाला, एखाद्याची जिद्द कितीही पटली तरी जागा देता येत नाही, आणि एखाद्याचे वय कितीही खटकले तरी नाकारताही येत नाही. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत ही पद्धत एकाच वेळी ढाल आणि भिंत ठरते: ती त्याला पूर्वग्रहापासून वाचवते, पण त्याने आयुष्यात जे कमावले त्याचे मोलही करत नाही.

त्यामुळे इथे पूर्वचौकशी ही विनंती नसून माहिती मिळवण्याचे काम आहे, आणि कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे ठरवणे हा त्यातला कळीचा भाग आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या एखाद्या परिचारिकेचे उदाहरण घेतले, तर तिचा पहिला अडसर वयाचा नसून कागदांचा असेल. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, म्हणून राजपत्रातील नावबदलाची नोंद लागू शकते. शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सर्वजण 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात, तेही तयार ठेवावे लागते. राखीव प्रवर्गातील असल्यास जात वैधता प्रमाणपत्र आणखी वेगळे. बारावीला जीवशास्त्र नसेल, तर तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने दिलेली मुभा तिच्या उपयोगी पडते. या प्रश्नांची अधिकृत उत्तरे परीक्षेच्या आणि सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत शोधावीत. महाविद्यालयाच्या खिडकीवर तोंडी मिळालेला होकार कागदपत्र पडताळणीत कामी येत नाही.

महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते प्रवेशानंतरच्या दिवसांचे आहेत. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, हा काळ पूर्णवेळ असतो; 2023 च्या नियमांनुसार व्याख्यानांना 75 आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते, पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत आणि अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. म्हणून वसतिगृहात राहणे सक्तीचे आहे का, प्रसूती किंवा आजारपणामुळे हजेरी बुडाल्यास काय होते, सध्याच्या नोकरीचा राजीनामा कधी दाखवावा लागतो, शासकीय सेवेच्या बंधपत्राची, म्हणजे बाँडची, अट कशी लागू होते, हे महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागातच विचारावे लागते. अठराव्या वर्षी हे प्रश्न पालक विचारतात किंवा कोणीच विचारत नाही. पस्तिशीत त्यांवर संसाराचा हिशेब अवलंबून असतो.

जालना जिल्ह्यात ही चौकशी आता घराजवळ करता येते. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी महाविद्यालय आधीपासून होते, आणि 2024 मध्ये राज्यात सुरू झालेल्या 10 शासकीय महाविद्यालयांत 100 जागांचे जालन्याचे महाविद्यालय आले. जालना ज्या मराठवाड्यात आहे, तिथे महाविद्यालयांच्या कमतरतेचा प्रश्न जुना आहे: विभागातील विद्यार्थ्यांसाठी 70 आणि बाहेरच्यांसाठी 30 टक्के जागा ठेवणारे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द होण्यामागे, महाविद्यालये कमी असल्याने इथल्या मुलांच्या वाट्याला जागाही कमी येतात, हीच तक्रार होती. जिल्ह्याला महाविद्यालय मिळाल्याने अंतर कमी झाले, पण राज्य कोट्यातील गुणवत्ता यादी राज्यभराची असल्याने जालन्याच्या उमेदवाराला जालन्यातच जागा मिळेल असे नाही, आणि घर सोडता न येणाऱ्या प्रौढ उमेदवाराने ही गोष्ट पसंतीक्रम भरण्यापूर्वीच समजून घेतली पाहिजे.

महाविद्यालयाचेही यात कर्तव्य आहे. परीक्षा वय विचारत नाही म्हणून पुढच्या साडेपाच वर्षांतही वयाचा विचार करायचे कारण नाही, असे मानणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. हजेरी, रजा, वसतिगृह आणि बंधपत्र यांची उत्तरे लेखी आणि सर्वांना दिसतील अशी ठेवणे हे नव्या संस्थेला फारसे खर्चाचे नाही. त्यातून कोणाला सवलत मिळणार नाही, पण ज्याला जमणार नाही तो वेळीच थांबेल आणि ज्याला जमेल तो केवळ अंदाजाच्या भीतीने माघार घेणार नाही.