पृथ्वी गुरू आणि दगडाची क्षमा

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत पहिला मान पृथ्वीचा. लोक तिला तुडवतात, खणतात. ती आपल्या मार्गावरून ढळत नाही. तिच्याकडून क्षमा शिकावी. दर दत्तजयंतीला हे ऐकतो, पण एक शंका मनात घर करून होती. पृथ्वी म्हणजे शेवटी दगडच. दगडाला काही लागतच नाही, मग त्याच्या सोसण्याचं कौतुक ते काय?

शंकेला कारण होतं. खोपटच्या जुन्या घराच्या वाटणीवरून धाकटा भाऊ आणि मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. कोणी विषय काढला की मी म्हणायचो, "सगळं सोसलंय. आता मन दगड केलंय." हीच आपली क्षमा, असं मी धरून चाललो होतो.

पावसाळा सरल्यावर माळशेज घाटात जाणं झालं. बरोबर भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक होते. काळ्या कड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो, हा दगड एकेकाळी वाहत होता!" सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला, निवला, त्यावर पुन्हा उसळला. थरावर थर साचून सह्याद्री घडला. आपले येऊरचे, पारसिकचे डोंगरही त्याच कुळातले. सह्याद्रीत कित्येक ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात ऊन-पावसाने वरच्या दगडाची माती झाली. नव्या लाव्ह्याने तीही भाजून काढली.

दगडाची माती होते कशी? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. ते फटींत मुरतं. दगडातल्या काही खनिजांची चिकणमाती होते, लोखंड गंजून तांबडं पडतं. औदुंबराचं मूळ शिरलं की फट आणखी रुंदावते. याच दगडाची देशावर काळी माती झाली, कोकणात जांभा झाला.

म्हणजे दगड सोसतो ते घट्ट राहून नव्हे. येईल ते आत घेतो, बदलतो आणि शेवटी आपला आकार सोडतो. तेव्हा कुठे ज्वारीचा दाणा रुजतो. मी मात्र नुसता निवलो होतो, झिजलो नव्हतो. राग थंड होणं वेगळं आणि क्षमा वेगळी.

मग झालेला अन्याय विसरायचा का? नाही. तांबडा पट्टा अजून कड्यावर आहेच. वाटणीत जे चुकीचं वाटलं ते मला आजही चुकीचंच वाटतं. क्षमेने खोट्याचं खरं होत नाही. त्यावर पुन्हा काही उगवायला जागा द्यायची की नाही, एवढंच आपल्या हाती असतं. आणि दगडापाशी कोट्यवधी वर्षं आहेत. मी सत्तरीला आलोय.

हा लेख अंकाकडे धाडण्याआधी भावाला फोन केला. म्हटलं, "अरे, यंदा पौर्णिमेला संध्याकाळी जन्माला घरी ये. सुंठवडा घेऊन जा." पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "बघतो, दादा."

येईल की नाही, महाराजांना ठाऊक. पण 'दादा' ही हाक नऊ वर्षांनी कानावर पडली.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥