राखणदाराचे हात

गाभण घोडीचे दिवस मोजता येतात. वेळ मात्र सांगता येत नाही. सुमारे 11 महिने, म्हणजे साधारण 340 दिवस, हा हिशेब. पण 360 दिवस उलटूनही एखादी घोडी शांतपणे वैरण खात उभी असते. पुष्कळ घोड्यांच्या सडांवर एकदोन दिवस आधी मेणासारखे थेंब दिसतात. पहिलारू घोडीची कास कधीकधी अखेरपर्यंत भरतही नाही. रानबकऱ्यांच्या विण्याची वेळ तुला ठाऊक आहे काय, असे परमेश्वर ईयोबाला विचारतो (ईयोब, अध्याय 39). पागेतल्या घोडीविषयीही आम्हांला तसेच निरुत्तर व्हावे लागते.

मग जे ठाऊक नाही त्याची तयारी कशी करावी?

चांगला राखणदार महिनाभर आधीच घोडीला विण्याच्या जागी आणतो, धनुर्वाताची लस टोचून घेतो. शिंगराला रोगाशी झुंजण्याचे बळ आईच्या पोटात जवळजवळ मिळत नाही. ते चिकातून, आणि पहिल्या दिवसातच, मिळते. तो रोज तिच्या कासेला हळुवार हात लावतो, म्हणजे शिंगरू तोंड लावील तेव्हा ती बिचकून लाथ मारणार नाही. ही सवय तो स्वतःसाठी लावीत नाही; अजून जन्मास न आलेल्या जिवासाठी लावतो.

ती रात्र आली, आणि बहुधा रात्रच असते, की तो दूर उभा राहतो. नाळ तोडण्याची घाई करीत नाही. शिंगरू धडपडत उठू लागले तर उठू देतो. पण पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी दिसली, तर डॉक्टरांची वाटही न पाहता ती फाडतो. तेथे थांबणे म्हणजे शिंगराचा जीव घेणे होय.

दूर राहणे आणि दुर्लक्ष करणे बाहेरून सारखेच दिसते. फरक इतकाच, की दूर राहणारा जागा असतो.

आपल्या मंडळीत एखादा तरुण प्रथमच जबाबदारी घेतो, एखादी मुलगी प्रथमच आई होते. आधीचे कित्येक महिने आम्ही त्यांच्याकडे फिरकत नाही, आणि ऐन वेळी मात्र चहूकडून हात घालतो. त्याला आम्ही प्रीती म्हणतो. बंधुभगिनींनो, आपले हात आधी कामाला लागले होते काय, आणि आता ते आवरून जागे राहण्याची आपली तयारी आहे काय, हे आपण प्रभूसमोर स्वतःला विचारू या.