ऐकू येणं आणि ऐकणं




गेल्या गुरुवारी दांडिया बाजारातल्या सत्संगात आरतीआधी एक सातवीतली मुलगी आजीजवळ बसून इंग्रजीचा गृहपाठ करत होती. 'हिअर' आणि 'लिसन' यांतला फरक लिहायचा होता. दोन्ही ऐकणंच की, फरक कसला, असं आम्ही म्हणालो. तिनं शाळेतल्या बाईंचं सांगितलं: कुकरची शिट्टी कानावर पडते ते हिअर, मुद्दाम कान देतो ते लिसन. लिसनपुढे 'टू' लावावा लागतो. जणू कान कुणाकडे तरी वळवायलाच हवा.

मग लक्षात आलं, आपल्या मराठीत हे आहेच! 'मला ऐकू येतं' यात आवाज आपला आपण येतो, आपण नुसते बसलेले. 'मी ऐकते' यात करणारे आपण. शिवाय 'पोरगा ऐकत नाही' म्हणतो, तेव्हा त्याचे कान ठणठणीत असतात!

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादानं नऊ भक्ती सांगितल्या, त्यांत श्रवण पहिलं. समर्थांनीही दासबोधाचा चौथा दशक श्रवणभक्तीनंच सुरू केला. आणि प्रल्हाद सांगत होता कुणाला? मांडीवर घेऊन बसलेल्या बापाला. हिरण्यकशिपूला शब्द न् शब्द ऐकू आला, आणि संताप आला.

हसू नका, आमचंही तेच झालं. मुलीचा गृहपाठ संपला तेव्हा एका काकूंची नेहमीची जागा रिकामी दिसली. काकू तीन गुरुवार म्हणत होत्या, "रात्री घर खायला उठतं गं." आम्ही दर वेळी "काकू, नाम घ्या" म्हणायचो आणि प्रसाद वाटायला उठायचो. त्या रात्री फोन केला. मुलगा-सून महिन्यापूर्वीच नोकरीसाठी परगावी गेलेले, काकू एकट्या, दोन दिवस ताप, पाणी द्यायलाही कुणी नाही. इतकी पारायणं ऐकलेले आमचे कान! नाम घ्या हे काही चुकीचं नव्हतं, पण काकूंनी सल्ला मागितला कुठे होता?

(हे त्यांना विचारूनच लिहितोय. "लिहा, लिहा," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच अर्धा तास बोलल्या.)

ताप आता उतरलाय. येत्या गुरुवारी आरतीनंतर त्यांच्याकडे बसायचं ठरलंय. चहा-पोहे आम्ही नेतोय, पोथी नेणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी बुधवारपर्यंत ग्रुपवर कळवावं.

श्रीगुरुचरणी,
आपल्या सेवेकरी भगिनी